परतणाऱ्याचा बैल

दरवर्षी १६ ऑगस्टला आमच्या आष्टीत हुतात्म्यांना अभिवादन होते. शाळेची मुले फेरी काढतात, पुढारी येतात, हार पडतात, भाषणे होतात, आणि उन्हे उतरायच्या आत पाहुण्यांच्या मोटारी तळेगावच्या रस्त्याला लागतात. मी त्या कार्यक्रमाला लहानपणापासून जात आलो आहे, यापुढेही जाईन. ज्यांनी प्राण दिले त्यांच्यापुढे मान लववायला मला कोणाचे निमंत्रण लागत नाही. पण इतक्या वर्षांत त्या व्यासपीठावरून एक प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नाही. तो मी आज दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढे असताना विचारतो आहे, याबद्दल वाचकांनी रागावू नये. प्रश्न एवढाच, की १७ ऑगस्टला काय झाले?

सोळा तारखेची हकीगत थोडक्यात सांगतो. १९४२ साली नागपंचमी त्या दिवशी आली होती. मुंबईत ८ ऑगस्टला ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी आणि कार्यकारिणी गजाआड गेली, आणि आठवडाभरात आमच्या गावी व तिकडे चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला एकाच दिवशी भडका उडाला. आष्टीत लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले; गोळी चालली, गावकरी पडले; मग खवळलेल्या जमावाच्या हातून फौजदार आणि शिपाई मेले. पुढे फौजफाटा आला, धरपकड झाली, खटले उभे राहिले, फाशीच्या शिक्षा झाल्या. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे तेच दरवर्षी व्यासपीठावरून सांगितले जाते.

सतरा तारखेचे मात्र मला आजीने सांगितले.

नागपंचमी म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षातला कोणता काळ, हे शहरातल्या वाचकाला समजावून द्यायला हवे. पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली असते, तुरी वर येत असतात, निंदणाला बाया पुरत नाहीत, आणि पाऊस जरा उघडला की डवरे धरायला माणूस लागतो. त्या पंधरा-वीस दिवसांत वावरात माणूस नसला तर गवत पिकाला खाऊन टाकते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या गावातले धडधाकट पुरुष एकतर धरले गेले किंवा परागंदा झाले. माझे आजोबा दुसऱ्या वर्गातले. ते मोर्चात होते. त्यांनी तिथे काय केले आणि काय केले नाही, हे त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. रातोरात वर्धा नदी ओलांडून ते वऱ्हाडात गेले आणि मोर्शीकडे एका पाटलाकडे दुसरेच नाव सांगून सालदार राहिले. मागे आजी, दोन लेकरे, एक बैलजोडी आणि पंधरा एकर वावर. त्या वर्षी गावात पोळा भरला नाही, असे ती सांगे. विदर्भातल्या माणसाला या एका वाक्यात सगळे कळेल. ज्या गावात पोळा भरत नाही, त्या गावात घरे उभी असली तरी गाव राहिलेले नसते.

मग दंड आला. सामुदायिक दंडाचा वटहुकूम त्याच वर्षी निघाला होता. अपराध कोणाचा ही चौकशी न करता साऱ्या वस्तीवर रक्कम बसवायची आणि वसूल करायची, अशी ती तजवीज होती. देशभर असे सुमारे ९० लाख रुपये बसवले गेले. आमच्या घरी दंड फेडायला एक बैल विकला गेला, आणि दुसरा वैरणीवाचून राहीना म्हणून त्याच्या मागोमाग गेला. आजोबा परतले ते १९४४च्या उन्हाळ्यात. दार उघडले ते माझ्या वडिलांनी, आणि त्यांनी बापाला ओळखले नाही. वावर मक्त्याने दिलेले, त्यातही निम्म्यात कास माजलेली, कोठा रिकामा. आणि शेजाऱ्याच्या बाजूचा धुरा दोन तास आत सरकलेला. त्या दोन तासांचे भांडण पुढे तीस वर्षे चालले. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याच सुमारास कोणी भली माणसे शहरातून मदत घेऊन गावात आली होती. ती कोण, कुठली, हे आजीला सांगता येत नसे. त्यांनी घोंगडी वाटली, थोडी ज्वारी वाटली, आणि आजीला विचारले, की बाई, आणखी काही हवे काय? आजी म्हणाली, "बैल पाहिजे." माणसे हसली. त्यांना वाटले, खेडवळ बाईने गंमत केली. आजीला गंमत माहीत नव्हती. ती ते घोंगडे दाखवून आम्हाला म्हणायची, "घोंगड्यानं वावर वखरल्या जात नाही बाप्पा!"

माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. तरी ते पुन्हा विस्ताराने मांडावे लागते, कारण सत्तर-ऐंशी वर्षे उलटून गेली, मदतीची मोठमोठी खाती निघाली, परिषदा भरल्या, ठराव झाले, आणि अजून परतणाऱ्या माणसाच्या अंगावर घोंगडेच पडते आहे.

मी हे बाहेर उभा राहून बोलत नाही. आयुष्याची तीस वर्षे मी सरकारी कचेरीत मदतवाटपाच्या याद्या करण्यात घालवली. पूर, आग, अवर्षण आणि दंगे, या सगळ्यांच्या याद्या माझ्या हातून गेल्या आहेत. एकदा एका गावी दोन जमातींत तेढ पेटली आणि एका वस्तीतली शे-सव्वाशे कुटुंबे पळून गेली. महिनाभराने ती बंदोबस्तात परत आणली गेली. कोणते गाव आणि कोणते साल, ते सांगत नाही. त्या वस्तीत चार दिवसांत सात संस्था आल्या. प्रत्येकीची यादी वेगळी. रस्त्याला लागून असलेल्या एका घरी अकरा सतरंज्या आणि चार स्टोव्ह जमा झाले. नाल्यापलीकडच्या घरांत काडीही पोचली नाही, कारण नाल्यावर मोटार जात नव्हती. मी आमची यादी घेऊन गेलो, ती आठवी. माझ्या यादीत कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे नाव घालायची रीत होती. एक विधवा सुनेसह राहत होती. तिचा मुलगा त्या तंट्यात मारला गेला होता. मी रकाना भरताना मयत मुलाचे नाव लिहिले आणि पुढे कंसात 'मयत' असे टिपले. पैसे वाटायच्या दिवशी रोखपालाने मयताच्या नावे रक्कम देता येत नाही म्हणून ती परत पाठवली. नियमाप्रमाणे त्याचे बरोबर होते. ती बाई माझ्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा मला आजीचे घोंगडे आठवले आणि मी मनातून पुरता उतरलो.

आता मी जे म्हणणार आहे ते माझ्या जुन्या सहकाऱ्यांना झोंबेल. आम्ही नेहमी सांगत आलो, की याद्या वेळेवर होत नाहीत, माणसे अपुरी आहेत, खेड्यात नोंदी नाहीत, कोणाचे काय गेले हे कळायला मार्ग नाही. हे मी स्वतः शेकडो वेळा लिहून पाठवले आहे. पण १९४२ साली परक्या सरकारने आमच्या गावावर दंड बसवला तेव्हा त्याला यादी करायला किती दिवस लागले? कोणाचे घर केवढे, गोठ्यात जनावरे किती, भांडीकुंडी काय, बाईच्या अंगावर डाग काय, हे सगळे त्यांना घरोघर ठाऊक होते. नसले तर चार दिवसांत ठाऊक झाले. कोतवाल तोच, पटवारी तोच, दप्तर तेच. घ्यायचे असले की नोंदी सापडतात. द्यायचे असले की त्यांना वाळवी लागलेली असते. तेव्हा यादी होत नाही हे कारण नव्हे. यादी करायची गरज ज्याला वाटते तो ती करतो. परतणाऱ्या माणसाला द्यायलाच हवे, तो आपल्या हक्काचे मागतो आहे, असे आम्हांला कधी वाटलेच नाही. आम्ही त्याच्याकडे पाहिले ते दान घेणारा म्हणून, आणि दात्याला यादीची घाई नसते.

स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचेच पाहा. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२ साली, केंद्र सरकारने ही योजना काढली. चांगले केले. ज्यांनी भोगले त्यांच्या म्हातारपणाला आधार झाला. पण अट काय? सहा महिने तुरुंगवास, आणि त्याचा दाखला; दप्तर सापडत नसेल तर बरोबरच्या कैद्यांची प्रमाणपत्रे. भूमिगत असलेल्यांनाही वाट ठेवली होती. मात्र त्याच्या नावे बक्षीस लागलेले असले पाहिजे, त्याला फरारी म्हणून जाहीर केलेले असले पाहिजे, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघून तो बजावता आलेला नसला पाहिजे. म्हणजे माणूस किती झिजला याचे माप इंग्रजाच्या दप्तराने घ्यायचे! माझ्या आजोबांच्या नावावर बक्षीस नव्हते. ते इतके सामान्य होते, की सरकारला त्यांचा शोधही घ्यावासा वाटला नाही. दोन वर्षे दुसऱ्याचे शेण काढून, दुसऱ्याचे नाव लावून ते जगले, आणि कागदावर ते कधी गाव सोडून गेलेच नव्हते. मग परतणार कुठून? आजोबांना त्याचे दुःख नव्हते. "आपण काय पगारासाठी गेलो होतो?" असे ते म्हणत. मला मात्र आहे. कारण निवृत्तिवेतन हा मान झाला, आणि मी मानाविषयी बोलत नाही. १९४४च्या मृगाच्या आत त्यांना एक बैलजोडी मिळाली असती, तर १९७२ची गरज राहिली नसती.

त्या काळच्या पुढाऱ्यांनी काहीच केले नाही, असे म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी १९४२च्या दिवाळीनंतर तीनच दिवसांनी उपोषणाला बसले आणि ६३ दिवस बसले; १२ जानेवारी १९४३ला ते सुटले. आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी रान उठवले, खुद्द गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिले, आणि १९४५ साली त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. या गोष्टींपुढे मी नतमस्तक आहे. पण पाहा, की जिथे प्राणाचा आणि अब्रूचा प्रश्न होता तिथे आपला समाज उभा राहिला. जिथे वखराचा, बियाण्याचा आणि धुऱ्याचा प्रश्न होता तिथे कोणालाच उभे राहावेसे वाटले नाही. उपोषण हे महाकाव्य असते. बैलासाठी महाकाव्य लिहीत नाहीत.

मोठ्या जगात काय चालते? १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आपल्याकडे आली. ज्यांचे वय आहे त्यांना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक पत्रावर शरणार्थी साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. रायपूरजवळचा माना कॅम्प नागपूरकडच्या माणसाला अपरिचित नाही. एका कोटी माणसांना आठ-नऊ महिने खाऊ घालणे हे अचाट काम होते, आणि आपल्या देशाने ते निभावले. संयुक्त राष्ट्रांनीही तेव्हा आपल्या सगळ्या शाखांची मदत निर्वासितांच्या उच्चायुक्तांच्या एकाच कचेरीतून यावी असे ठरवले. समन्वय या शब्दाला अर्थ आला तो असा. युद्ध संपले आणि १९७२च्या मार्चपर्यंत जवळजवळ सगळी माणसे परत गेली. जगाने टाळ्या वाजवल्या. माणसे मोटारींतून, आगगाड्यांतून, पायी गेली, शिबिरे ओस पडली, हिशेब बंद झाले. पण ती माणसे गेली तिथे घरे जळालेली होती आणि नांगराची जनावरे मोठ्या संख्येने नाहीशी झाली होती. शिबिराचा हिशेब जिथे संपतो तिथे घराचा हिशेब सुरू होतो, आणि या दोन चोपड्या कधी एका हातात येत नाहीत. पहिली चोपडी ठेवणारा आपले काम झाले म्हणून दुसऱ्या संकटाकडे धावतो. दुसरी ठेवणाराचा अजून पत्ताच नसतो.

त्यानंतर समन्वयाचे शास्त्र फार वाढले. १९ डिसेंबर १९९१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ क्रमांकाचा ठराव करून मदतकार्याच्या समन्वयासाठी स्वतंत्र अधिकारी नेमायचे ठरवले. १९९८ साली देशांतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. परतणाऱ्याला त्याची मालमत्ता मिळवून द्यायला साहाय्य करणे, आणि ती मिळत नसेल तर भरपाई देणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. २००५पासून अन्न, निवारा, पाणी, आरोग्य अशा एकेका विषयाचे गट पाडून प्रत्येकाला एक प्रमुख संस्था नेमण्याची रीत पडली. मी या सगळ्याची थट्टा करीत नाही. कागदावर उत्तम आहे. पण मी ज्या समन्वय-बैठकींना बसलो, तिथे निवाऱ्याचा माणूस निवाऱ्याचे बोले, पाण्याचा पाण्याचे, आणि परतलेल्या कुटुंबाचे घर, विहीर, बियाणे आणि भीती एकाच उंबरठ्याच्या आत असतात, हे कोणाच्या टिपणात नसे. बैठकीत चहा मात्र सगळ्यांचा एकत्र येई.

आपल्याला हे शिकायला परदेशी जायला नको होते. ५ सप्टेंबर १६७६चे शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले. त्यातला हुकूम असा, की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कोणाकडे माणूसबळ, बैल, दाणे आहेत ते पाहा. ज्याच्या अंगात कस आहे पण बैल नाही, पोटाला नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसा दे, पोटासाठी धान्य दे, आणि त्याला शक्ती येईल तसतसे मुद्दल तेवढे उगव, व्याजवाढी करू नको. त्या हुकुमात मला काय दिसते ते सांगतो. अधिकाऱ्याने स्वतः गावात जायचे आहे. आधी पाहायचे आहे, मग द्यायचे आहे. द्यायचे ते दोन्ही एकाच हाताने, बैलही आणि दाणाही. कारण नुसता बैल दिला तर भुकेला माणूस तो विकून खाईल, आणि नुसता दाणा दिला तर तो खाऊन पुन्हा हात पसरेल. आणि मुद्दल मागायचे आहे, म्हणजे घेणारा मिंधा होत नाही. ओस पडलेली गावे पुन्हा वसवताना आमची जुनी दप्तरे 'कौल' देत. माणसाला अभय देत, आणि इस्ताव्याने सारा हळूहळू चढवत, पहिल्या वर्षी नाममात्र, पुढे थोडा, मग थोडा अधिक. परतलेल्याला उभे राहायला वर्षे लागतात हे त्या कारकुनांना माहीत होते. आमच्या योजना मार्चअखेर संपतात.

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकावे लागतात. पहिला असा, की रोख पैसा किंवा जनावर दिले तर माणसे ते उडवतील. हे बोलणारे बहुधा पगारदार असतात. मी तीस वर्षांत उडवणारे पाहिले, नाही असे नाही. पण घोंगडी विकून दारू पिणारेही पाहिले. उडवणारा काहीही उडवतो. त्याच्यासाठी बाकीच्या नव्वद जणांच्या कोठ्यात दावणी रिकाम्या ठेवायच्या काय?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लोक म्हणतात, की एकच यादी म्हटली की ती एकाच्याच हातात जाते. मग तो तलाठी असो, सरपंच असो की एखाद्या संस्थेचा तरुण कार्यकर्ता असो, त्याच्या मर्जीतले आत आणि बाकीचे बाहेर. सात याद्या असल्या तर निदान एकीत तरी नाव लागते. हे खरे आहे, आणि मी स्वतः यादी ठेवणारा असल्यामुळे किती खरे आहे ते मला ठाऊक आहे. माझे उत्तर असे, की यादी एक असावी आणि ती चावडीवर मोठ्याने वाचली जावी. सगळ्यांसमोर. कोणाचे काय गेले, कोणाला काय मिळाले, कोणी दिले. भांडणे होतील, होऊ द्यावीत. चावडीवर झालेले भांडण धुऱ्यावर होत नाही. बाईचे नाव बाई म्हणूनच यादीत असावे, कोणाची आई किंवा कोणाची विधवा म्हणून नव्हे. आणि जे पळाले नाहीत, मागे राहिले, पळालेल्यांची जनावरे ज्यांनी सांभाळली, त्यांचीही नावे त्याच यादीत असावीत. हे शेवटचे सांगितले की बैठकीतले लोक चमकतात. परतलेल्याला कौलारू घर आणि शेजाऱ्याला काहीच नाही, असे झाले की वर्षभरात पुन्हा तेढ सुरू होते. शेजाऱ्याला वगळून कोणी परतत नाही.

शेजाऱ्याचा विषय निघाला म्हणून एक कडू गोष्ट. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि इकडेही ब्राह्मणांची घरे जळाली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ज्यांनी वाचली आहे त्यांना अधिक सांगायला नको. कितीतरी कुटुंबे खेडी सोडून शहरात गेली, आणि त्यांतली फार थोडी परतली. घर पुन्हा बांधता येत होते. ज्या हातांनी काडी लावली ते हात रोज समोरच्या ओसरीवर दिसणार, हे सोसण्यासारखे नव्हते. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्याला जाऊन राहिलेल्या मुसलमान कुटुंबांनाही हाच अनुभव. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला, पण जुन्या चाळीत परत जाण्याइतका धीर अहवालाने येत नाही. बोस्नियात १९९५च्या डेटन करारातले एक परिशिष्ट खास परतणाऱ्यांसाठी होते. घरे परत मिळावीत म्हणून सुमारे दोन लाख दावे दाखल झाले आणि बहुतेक निकालीही निघाले. जगात असे क्वचित घडते. तरी घर मिळताच ते विकून आपल्या जमातीच्या गावी राहायला जाणारे तिथे कितीतरी निघाले. ते चुकले असे मी म्हणणार नाही. परतणे सक्तीचे असेल तर ती दुसरी हद्दपारीच होते. आमच्या आष्टीला एक सोय होती: आमचा वैरी गावात राहत नव्हता, तो बाहेरून आला आणि पाच वर्षांनी देश सोडून गेला. जिथे वैरी शेजारी असतो तिथे बैलाच्या आधी न्यायाची गोष्ट काढावी लागते, आणि चौकशीशिवाय मदत ही तोंड बंद करण्याची किंमत ठरते. भन्साळींना हे कळले होते. म्हणून त्यांनी धान्य मागितले नाही, चौकशी मागितली. हे कबूल करून मी एवढेच म्हणतो, की चौकशी चालू असतानाही मृग लागतोच.

हे सगळे जुने उगाळतो आहे असे कोणी समजू नये. ३ मे २०२३ला मणिपुरात आग लागली आणि सुमारे ६० हजार माणसे घराबाहेर पडली. आमच्या जिल्ह्यातूनही तिकडे कपडे आणि औषधे गेली. मी स्वतः एका गोळा करणाऱ्या मंडळाच्या दारात बसलो होतो. लोकांनी मनापासून दिले. साड्या, स्वेटर, लहान मुलांचे कपडे यांचे ढीग लागले. एका तरुणाने मला विचारले, की काका, आणखी काय पाठवू? मी म्हणालो, ती माणसे जेव्हा घरी जातील तेव्हाचे पैसे आत्ता बाजूला काढून ठेव. तो म्हणाला, तोवर लोक विसरून जातील हो. त्याचे खरे होते, आणि म्हणूनच मी ते म्हणालो. मदतीच्या प्रत्येक रुपयातले निदान आठ आणे परतण्याच्या दिवसासाठी राखून ठेवावेत, आणि ते कोणालाही शिबिरात खर्च करता येऊ नयेत, असा नियम एखाद्या तरी संस्थेने करून पाहावा. तिला वर्गणी कमी मिळेल, कारण परतलेल्या माणसाचे छायाचित्र चांगले येत नाही. तो बापडा वावरात पाठमोरा उभा असतो.

आमच्याकडे आजोबांची एक चोपडी आहे. बैल त्यांना अखेर मिळाला, तो कोणा समितीकडून नव्हे. गावातल्या एका तेल्याने घाण्याचा आपला एक बैल पेरणीपुरता सावडीने दिला, आणि दुसरा आजोबांनी आर्वीच्या बाजारातून उधारीने आणला. चोपडीत पहिली नोंद १९४४च्या आषाढातली आहे: एका बैलाचे नव्वद रुपये देणे. मग कापूस विकल्यावर पाच, कधी आठ, एका साली काहीच नाही, कारण बोंडे सडली. मध्ये देश स्वतंत्र झाला त्याची नोंद नाही. शेवटची ओळ १९५३ची आहे: "बैलाचे देणे फिटले." बैल त्याच्या दोन वर्षे आधीच मेला होता.

येत्या १६ ऑगस्टला मी संयोजकांकडे पाच मिनिटे मागणार आहे. दिली तर ती चोपडी वाचून दाखवीन.